पऱ्यात आडवे पडलेले झाड

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीपासून अर्धा तास वर चढले, की पऱ्यात, म्हणजे डोंगरातल्या छोट्या ओढ्यात, एक जांभूळ आडवे पडलेले दिसते. दोन पावसाळ्यांपूर्वी ते उन्मळले. मुळांचा अर्धा गड्डा अजून डाव्या काठात रुतून आहे आणि शेंडा पलीकडच्या दोन धोंड्यांमध्ये अडकला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे गेलो तेव्हा पऱ्याची धार करंगळीएवढी उरली होती. खोडाच्या वरच्या अंगाला एक सपाट अंगणच तयार झाले होते. अंगण जिथे सुरू होते तिथे नारळाएवढे गोटे, खाली येता येता सुपारीएवढी खडी, मग रेती, आणि अगदी खोडाला टेकून पाचोळ्याचा आणि काळ्या गाळाचा ओला थर. त्या थराने खोडाखालच्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. कोणी चाळण्या लावून माल वेगळा करावा तशी ती मांडणी होती. मी पावलांनी मोजले: लांबी सतरा पावले, रुंदी सहा, खोडाशी थराची जाडी माझ्या कमरेएवढी. वर जाता जाता ती कमी होत गेलेली. हिशेब पंचवीस घनमीटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या अडीच खेपा. एवढे सगळे एका पडलेल्या झाडामागे.

खोडाच्या खालच्या अंगाला पावसाळ्यातल्या धबधब्याने खळगा खोदला होता. मे महिन्यातही त्यात गुडघाभर पाणी होते, तळ स्वच्छ दिसत होता आणि एका दगडाखालून खेकड्याची नांगी बाहेर आली होती.

बरोबर आबा होते. त्यांची भाताची खाचरे याच पऱ्याच्या काठाला, वाडीच्या वर. खोडावर हात ठेवून ते म्हणाले, "हे काढायलाच हवं. पुढच्या आठवड्यात खाली पोकलेन येतोय, तोच वर चढवू." मी म्हटले, "आबा, हे काढलं तर मागचं सगळं खाली येईल." ते म्हणाले, "तुम्ही मे महिन्यात आलात. आषाढात या आणि इथं उभं राहून सांगा, राहू दे म्हणून."

आबांचे म्हणणे मी घरी घेऊन आलो, कारण त्याला सोपे उत्तर नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यावाड्यांत हा प्रश्न आज विचारला जातो आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा निकाल विचार न होताच लागतो. यंत्र आलेले असते, डिझेल भरलेले असते, पाऊस तोंडावर असतो.

हा प्रश्न इतका तापला कशामुळे, ते विसरून चालणार नाही. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, सावित्रीने महाड बुडवले, आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून फावड्याने काढावा लागला तो गाळ. तेव्हापासून चिपळूणकरांच्या तोंडी तो एकच शब्द राहिला आहे. नदीतला गाळ काढा म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरात तिथे साखळी उपोषण झाले. आपल्या दारातली नदी मोकळी हवी ही मागणी रास्तच होती, आणि शहराजवळच्या नदीपात्रात यंत्रे उतरली याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा 'गाळ काढणे' हे पुण्याचे काम ठरले की ते नदीवरून उपनदीवर जाते, तिथून ओढ्यावर, आणि ओढ्यावरून रानातल्या पऱ्यावर. रानात गाळाचा ढीग दिसत नाही. तिथे दिसतात पडलेली झाडे, धोंड्यांच्या उतरंडी, मुळांच्या जाळ्या. मग तेच 'अडथळे' ठरतात आणि निघू लागतात.

या अडथळ्यांचे काम काय, ते आधी नीट पाहायला हवे. डोंगरावर पडलेल्या पाण्याजवळ उंचीची शक्ती असते आणि खाली येताना ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते. तळ गुळगुळीत असेल तर पाणी वेग घेते आणि ती सगळी शक्ती तळ खरवडण्यात आणि काठ कापण्यात जाते. तळात पायऱ्या असतील तर पाणी प्रत्येक पायरीवरून खालच्या डोहात आदळते, फेसाळते, स्वतःभोवती गरगरते आणि पुन्हा जवळजवळ शून्यापासून सुरुवात करते. पावसाळ्यात घाटात दुरूनही ऐकू येणारा तो घनघोर आवाज म्हणजे पाण्याची शक्ती खर्च होण्याचा आवाज आहे. डेव्हिड माँटगोमेरी आणि जॉन बफिंग्टन या अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये डोंगरी प्रवाहांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात पायरी आणि डोह अशा एकाआड एक रचनेचे ओढे हा स्वतंत्र प्रकार आहे. शंभर मीटरला साधारण तीन ते आठ मीटर उतार असेल तिथे ते आढळतात. दोन पायऱ्यांमधले अंतर बहुधा ओढ्याच्या रुंदीच्या एक ते चार पट असते. आपल्याकडे ज्याने भर पावसात डोंगर चढला आहे त्याला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. पऱ्यातून चढताना आपण जिना चढतो तसे चढतो, आणि दर पायरीच्या पायथ्याशी पाण्यात पाय बुडतो.

या पायऱ्या घडतात कशाने? काही ठिकाणी कातळच तसा असतो. बाकी ठिकाणी एक मोठा धोंडा रुततो, त्याला दुसरा अडतो, फटींत गोटे बसतात, गोट्यांत पाचोळा भरतो आणि बांध पक्का होतो. जंगल असेल तिथे झाड हे काम एकटे करते. उंबराची किंवा करंजाची जिवंत मुळे काठातून पात्रात उतरली असतील तर तीही करतात. अशा प्रत्येक आडोशामागे पाणी थबकते आणि थबकलेले पाणी हातातले ओझे खाली ठेवते. आधी जड, मग हलके.

ओझे किती, याचा एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. वॉल्टर मेगाहॅन यांनी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ग्रॅनाइटच्या डोंगरांतल्या सात जंगली पाणलोटांमध्ये अडथळ्यांमागे साठलेला गाळ वर्षानुवर्षे मोजला. त्यांचा निबंध १९८२ चा आहे. पाणलोटाच्या तोंडातून एका वर्षात सरासरी जेवढा गाळ बाहेर पडतो, त्याच्या सुमारे पंधरा पट गाळ वरच्या अडथळ्यांमागे बसलेला होता, आणि अडथळ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा ओंडक्यांचा होता. म्हणजे दरवर्षी खाली दिसणारा गाळ हा वरच्या कोठारातून सांडणारा थोडासा भाग आहे. कोठाराची भिंत फोडली तर पंधरा वर्षांचा माल एका-दोन पावसाळ्यांत खाली येऊ शकतो.

आणि तो येतो, हे जाणूनबुजून करून पाहिलेले आहे. ऑरेगॉनमध्ये रॉबर्ट बेश्टा यांनी किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला एक प्रवाह अभ्यासला. तिथे ओंडक्यांचा साठा काढून टाकल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, तिकडचा तो पावसाळा, अडीचशे मीटरच्या टप्प्यातून पाच हजार घनमीटरहून अधिक गाळ खरवडून निघाला. डंपरच्या पाचशे खेपा, अडीचशे मीटरमधून. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात रॉबर्ट बिल्बी आणि जीन लायकेन्स यांनी लहान ओढ्यातले पालापाचोळ्याचे बांध १७५ मीटरपर्यंत काढून पाहिले, तेव्हा बारीक सेंद्रिय कणांची वाहतूक कित्येक पटींनी वाढली. सर्वांत वरच्या, सर्वांत छोट्या ओढ्यांमधला जवळजवळ ७५ टक्के पालापाचोळा आणि सेंद्रिय माल या बांधांमागेच असतो, असेही त्यांना आढळले. रानातल्या पाण्याचे खत तिथे मुरते. खेकडे, मासे, पाण्यातले किडे त्यावर जगतात.

ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांची पुढची गोष्ट आपण लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. १९५० पासून १९७० च्या दशकापर्यंत तिथल्या सरकारी खात्यांनी मैलोन्‌मैल ओढे साफ केले. हेतू चांगला होता. लाकूडतोडीचा कचरा ओढ्यांत तुंबत होता आणि सामन मासे अंडी घालायला वर चढतात त्यांची वाट अडते, अशी समजूत होती. ओंडके काढले आणि डोह गेले. ज्या खडीत मासे अंडी घालत ती खडी वाहून गेली आणि ओढ्यांची गटारे झाली. एच. जे. अँड्र्यूज या १९४८ पासूनच्या प्रायोगिक जंगलात फ्रेडरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडलेल्या झाडांचे काम मोजायला सुरुवात केली तेव्हा चूक ध्यानात येऊ लागली. १९८० च्या दशकापासून तीच खाती पैसे खर्चून ओंडके परत ओढ्यांत ठेवत आहेत, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने. काढण्याचा खर्च एकदा झाला आणि घालण्याचा दुसऱ्यांदा होतो आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग ठरलेच, रानातल्या ओढ्याला हात लावू नका. पण आबांच्या म्हणण्यात जे खरे आहे ते मला बाजूला सारता येत नाही.

पहिली गोष्ट त्यांच्या खाचराची. पऱ्यात आडवे पडलेले खोड पाण्याला फक्त अडवत नाही, वळवतेही. पाणी खोडाच्या टोकाकडून वाट काढते आणि मऊ काठ कापते. जांभळाच्या शेंड्याकडच्या काठाला मी पाहिले, हातभर माती ताजी कापलेली होती. तिथून खाली पन्नास पावलांवर आबांच्या खाचराचा बांध. दोन पावसाळ्यांत त्यांची एक कोपऱ्याची पट्टी गेली. कोकणात खाचराची पट्टी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळते. ती मातीची भिंत कोणा पणज्याने टोपल्या वाहून घातलेली असते. गाळाची आकडेवारी हातात घेऊन त्या माणसाला धीर धरा म्हणून सांगणे मला जमत नाही.

दुसरी गोष्ट पुलांची. चिपळूणच्या पुराच्या एक आठवडा आधी, १४ आणि १५ जुलै २०२१ ला, जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मेली. तिथल्या जुन्या दगडी पुलांच्या कमानी ओंडके, मोटारी आणि कॅरावॅन यांनी तुंबल्या. पूल काही काळ धरणे झाले, पाणी चढले आणि मग फुटले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळून मुंडक्कै आणि चूरलमला या गावांवर आलेल्या लोंढ्यात चिखलाबरोबर घराएवढे धोंडे आणि उन्मळलेली झाडे होती. जे झाड वर गाळ धरून ठेवते तेच खाली सुटून आले तर घरावर आदळते. हे भय काल्पनिक नाही. साकवाखाली अडकलेल्या फांद्या मध्यरात्री काठ्यांनी मोकळ्या केलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत.

हिमालयातली गोहना तालाची कथा तर दोन्ही बाजूंना शिकवते. १८९३ मध्ये दरड कोसळून बिरही गंगा अडली आणि मोठे सरोवर साठले. ते पुढच्या पावसाळ्यात फुटणार हे इंजिनिअरांनी आधी ओळखले, खोऱ्यात तारेची लाइन टाकली, माणसे हलवली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांधाचा वरचा भाग गेला, गढवालमधले श्रीनगर वाहून गेले, पण खोऱ्यातले लोक वाचले. उरलेल्या बांधाने आणखी पाऊणशे वर्षे गाळ अडवला. १९७० च्या जुलैत तोही गेला आणि अलकनंदेच्या त्या पुराने पार हरिद्वारचा कालवा गाळाने चोंदवला. दरडीचा बांध आणि जांभळाचे खोड एका तराजूत घालता येत नाही. तरी या कथेत मला एक गोष्ट दिसते: १८९४ मध्ये लोक वाचले ते अडथळा काढल्यामुळे नव्हे, त्यावर कोणाचे तरी रोज लक्ष होते म्हणून.

आता परदेशातल्या आकड्यांबद्दल. त्यांना आपल्या मातीची कसोटी लावायला हवी. आयडाहोचा ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्याची भरड वाळू होते. भरड वाळू तळाशी घसरत जाते, म्हणून ओंडका तिला सहज अडवतो. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बेसाल्टचा. तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो, आत गोल धोंडा राहतो आणि बाहेरच्या पापुद्र्यांची शेवटी बारीक चिकण माती होते. धोंडे अडतात, खडी अडते, रेतीही बरीचशी अडते. पण पहिल्या मोठ्या पावसात पऱ्याचे पाणी चहासारखे तांबडे होते, ती माती पाण्यात तरंगत असते आणि कुठल्याही खोडावरून सरळ पुढे जाते. चिपळूणच्या घरांत साचलेल्या चिखलातला मोठा भाग या तरंगत्या मातीचा. वरची झाडे पऱ्यात राहू दिली की शहरात चिखल येणार नाही, असे कोणी सांगत असेल तर तो लोकांना खोटी आशा देतो आहे. ती माती अडते डोंगरउतारावर, झाडोऱ्यात, गवतात. उतार उघडा पडला असेल, घाटरस्ता रुंद करताना निघालेला डबर दरीत लोटला असेल, तर पऱ्यातला सर्वांत चांगला ओंडकाही काही करू शकत नाही.

शिवाय इथे लाकूड टिकते किती? ऑरेगॉनच्या थंड ओढ्यांतला फरचा किंवा सिडरचा ओंडका पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आपल्या उष्ण दमट हवेत बुरशी आणि वाळवी त्याला फार लवकर खातात. म्हणजे आपल्या पऱ्यांत पायऱ्या टिकवायच्या असतील तर काठावर सतत मोठी झाडे हवीत, जुने कुजेपर्यंत नवे पडेल अशी. कोकणातल्या खासगी रानांत नेमके हेच राहिलेले नाही. दहा-बारा वर्षांनी तोड होते, पुन्हा फुटवे येतात, पुन्हा तोड. मनगटाएवढ्या सोटांनी धोंडा अडत नाही. म्हणून आपल्याकडे गाळ धरण्याचे मुख्य काम धोंड्यांच्या उतरंडी आणि जिवंत मुळे करतात. यंत्राचा पहिला घाव पडतो तो त्यांच्यावरच, कारण धोंडा बांधकामाला विकला जातो.

एक विसंगती मला फार खुपते. मृदसंधारणाच्या आराखड्यांत 'अनघड दगडी बांध' नावाचे काम वर्षानुवर्षे आहे. ओढ्याच्या वरच्या टप्प्यात, ठरावीक अंतरावर, सुटे दगड रचून बांध घालायचा, पाण्याचा वेग मोडायचा, गाळ अडवायचा. त्यापुढे जाळीचे बंधारे. हे काम योग्य आहे आणि अनेक उघड्या माळांवर त्याची गरज आहे. पण त्याच तालुक्यात, रानातल्या पऱ्यात निसर्गाने रचलेला तोच बांध दुसऱ्या योजनेतून 'अडथळा' म्हणून निघतो. एका नोंदवहीत दगड रचल्याचे बिल, दुसऱ्या नोंदवहीत दगड काढल्याचे. जलयुक्त शिवाराच्या काळात नाला खोलीकरणाची यंत्रे गावोगाव फिरली. पठारावरच्या गाळाने भरलेल्या नाल्यांत त्याचे हिशेब वेगळे असतील. डोंगरी पऱ्यात मात्र खोलीकरणाचा एक परिणाम ठरलेला आहे. खाली तळ खोदला की त्या खड्ड्याची वरची कड पावसात कोसळते आणि ती कड वर वर सरकत जाते. एका पायरीचा पाया निघतो, मग दुसरीचा. साकवाचे पाये उघडे पडतात. वाडीजवळ शंभर मीटर खोदले आणि दोन पावसाळ्यांनी अर्धा किलोमीटर वरचा काठ ढासळला, तर तो दोष पावसाचा नाही.

आपल्या लोकांना पडलेले झाड तसेच ठेवण्याची सवयच नाही, असेही नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या. कित्येक देवरायांचा नियम असा, की उभे झाड तोडायचे नाहीच, पडलेलेही उचलायचे नाही, वाळकी काडीही घरी न्यायची नाही. अशा रायांतून निघणारे झरे उन्हाळ्यात टिकतात म्हणून गावे त्या नियमाला जपत आली. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेली व वाऱ्याने पडलेली झाडेही काढायला मनाई केली. त्यामुळे कोयना आणि चांदोलीच्या आतल्या ओढ्यांचा प्रश्न कायद्याने बऱ्यापैकी सुटलेला आहे. वाद उरतो तो अभयारण्याची हद्द आणि पहिले घर यांच्यामधल्या पट्ट्यात. खासगी रान, गावठाणाचा डोंगर, वरकस जमीन. तिथे ना देवाचा नियम, ना न्यायालयाचा.

त्या पट्ट्यासाठी माझे मत असे झाले आहे. शेवटच्या घराच्या आणि शेवटच्या साकवाच्या बऱ्याच वर, जिथे पाण्याला पसरायला जागा आहे आणि काठाला कोणाचे खाचर नाही, तिथे झाड, धोंडा, मूळ कशालाही हात लावू नये. काढायचे असेल तर का काढायचे ते काढणाऱ्याने पटवून द्यावे. राहू देणाऱ्याकडून कारण मागू नये. आज रीत याच्या उलट आहे. आणि साकवाच्या किंवा मोरीच्या लगत वर जे अडकले आहे ते पावसाआधी काढावेच, त्यात पर्यावरणाच्या नावाने आडकाठी घालू नये.

मधल्या टप्प्यात, म्हणजे आबांच्या खाचराच्या टप्प्यात, प्रत्येक ओंडका वेगळा पाहावा लागेल. त्यासाठी ओढ्यांच्या अभ्यासातून आलेली एक साधी खूण उपयोगी पडते. पात्राच्या रुंदीपेक्षा लांब आणि एका टोकाने जमिनीत रुतलेले खोड सहसा हलत नाही. वाहून जातात ते तुकडे, पात्रापेक्षा आखूड. साकवाखाली अडकतात ते तेच. म्हणून सर्वांत घातक पद्धत कोणती असेल तर खोडाचे करवतीने तीन-तीन फुटांचे तुकडे करायचे, चांगले घरी न्यायचे आणि बाकीचे पात्रातच सोडायचे. घाईत सगळीकडे हेच होते. खोड काढायचे ठरलेच तर ते पूर्ण, पात्राच्या बाहेर, पुराच्या रेषेच्या वर गेले पाहिजे, आणि मागचा गाळ एकदम न सुटता उतरेल अशा रीतीने, दोन उन्हाळ्यांत मिळून. ठेवायचे ठरले तर फांद्या छाटून बाहेर काढाव्यात आणि ज्या काठाला पाणी वळते तिथे दगडी पिचिंग करून द्यावे. त्या पिचिंगचा खर्च खाचरवाल्याने करायचा नाही. खाली गाळ कमी जावा म्हणून खोड ठेवायचे असेल तर खालच्यांनीही त्यात वाटा उचलला पाहिजे. शहरात गाळ काढायला जो पैसा मिळतो, त्याचा छोटा भाग वरच्या काठांवर खर्च करायला माझ्या माहितीतल्या कोणत्याही योजनेत जागा नाही. ही जागा करून घेणे मला सर्वांत निकडीचे वाटते.

मोऱ्यांबद्दल तर वादच नको. वाडीच्या रस्त्याला तीन फुटी सिमेंटचे पाइप टाकून पऱ्या त्यातून जाईल अशी अपेक्षा ठेवायची आणि पाइप तुंबला की रानातल्या झाडाला दोष द्यायचा, हे बंद व्हायला हवे. पऱ्याच्या पूर्ण रुंदीचा साकव हाच त्यावर उपाय. मोठ्या नदीवर शहर वाचवायचे असेल तर ओंडके वर रानात न शोधता एका ठिकाणी अडवता येतात. झुरिक शहराच्या वर सिल नदीवर लांगनाऊ इथे स्विस इंजिनिअरांनी पोलादी खांबांची रांग उभी केली आहे. पुराबरोबर येणारी लाकडे तिथे बाजूला अडतात, खडी आणि पाणी पुढे जाते. जंगल साफ करायची गरज पडत नाही.

आणि हे सगळे ठरवणार कोण? माझ्या मते वाडीने. कागदावर नव्हे, पऱ्यातून चालत. मेच्या सुरुवातीला पाच-सहा माणसे, त्यांत ज्याचे खाचर काठाला आहे तो, साकवावरून रोज जाणारी एखादी बाई आणि वनखात्याचा एक माणूस, अशांनी साकवापासून वर चढावे आणि प्रत्येक अडथळ्यापाशी थांबून ठरवावे. दीड दिवसाचे काम आहे. यंत्र येण्याआधी ते व्हावे, कारण यंत्र उभे राहिल्यावर कोणी विचार करत नाही.

आबांशी मी पुन्हा बोललो. दुसऱ्या रविवारी वाडीतले आणखी तिघे बरोबर आले. साकवाच्या वर वीस पावलांवर ऐनाचे चार कापलेले तुकडे पडले होते, गेल्या वर्षीच्या तोडीतले. ते त्याच दिवशी खांद्यावरून वर काढले. जांभळापाशी बराच वेळ गेला. शेवटी ठरले ते असे: फांद्या तोडून चुलीला न्यायच्या, खोड या पावसाळ्यापुरते राहू द्यायचे, शेंड्याकडच्या काठाला धोंडे रचायचे आणि खोडावर चुन्याची तीन पट्ट्यांची खूण करायची, म्हणजे पाणी किती चढते आणि खोड किती हलते ते कळेल. पोकलेनवाल्याला निरोप गेला, की वर येऊ नको. आबा पूर्ण राजी नव्हते. चुना लावताना त्यांनी मला विचारले, "मग आषाढात येताय ना?" मी येणार आहे.